तांब्याचा दाब

चित्र हातात आलं की तो आधी बघायचा नाही. कागदाच्या कडेनं डाव्या हाताचा अंगठा हळू फिरवायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "दाब हाय." मगच चित्राकडे नजर.

बोईसरला माझं फ्रेमचं दुकान. शाळा चौथीत सुटली, पण मी कापलेला काटकोन आजवर कुणी परत आणलेला नाही. देव, नवरानवरी, गेलेली माणसं, सगळ्यांचे फोटो माझ्या हाताखालून गेले. तो आणायचा ती चित्रं वेगळी. काळ्या शाईची, फार जुनी, फ्रान्समधली. तिकडे कुणा चित्रकारानं रंगात चित्र काढायचं आणि दुसऱ्या कारागिरानं ते बघून तांब्याच्या पत्र्यावर रेघांनी उतरवायचं. रेघा ॲसिडनं खायच्या. मग शाई भरून, ओला कागद ठेवून दाबायचं. पत्र्याची कड कागदात रुतते, तोच दाब. छापखान्याच्या नकलेत तो नसतो.

हे मला त्यानं शिकवलं. वाणगावकडे एका चिकूवाडीतला बंगला मोडला, तेव्हा पहिलं चित्र त्याला भंगारात मिळालं. मग कुठून कुठून जमवत एकोणीस झाली. मी एकदा टोचलं, की शेवटी दुसऱ्याच्या चित्राची नक्कलच ना ही. तो चिडला.

"दादा, तुमी देवाला फ्रेम करता. देव तुमी केला काय? पण काम तुमचंच ना?"

मला पटलं. तसं बोललो नाही.

तारापूरच्या एका कारखान्यात तो ॲसिडच्या टाकीवर होता. तिथंच एक डोळा गेला, दुसराही विझत चालला. म्हणायचा, "आमच्या ॲसिडनं माणूस खाल्ला, त्यांच्यानं बघा काय केलं." आणि हसायचा. तुम्हीही हसला असता, बोलणंच तसं होतं त्याचं.

शेवटी अंगठाच उरला. सगळ्या फ्रेमा त्यानं माझ्याकडून उघडून घेतल्या. काच नको, नुसता पाठीला पुठ्ठा. सालवडच्या खोलीत पत्र्याची पेटी उघडून बसायचा आणि कडेवरून चित्र ओळखायचा. हा कोपरा बोथट, म्हणजे म्हातारी. हा दाब लांबट, म्हणजे किनाऱ्यावर होड्यांची वाट बघणाऱ्या बायका. त्या बायका त्याच्या लाडक्या. आपल्या सातपाटीच्या कोळणीच म्हणायचा त्यांना.

तेच चित्र नव्या पुठ्ठ्यासाठी माझ्याकडे आलं. कडा कसरीनं खाल्लेल्या, डागाळलेल्या. खराब कड दिसली की पट्टी ठेवायची आणि सुरी ओढायची, ही माझ्या हाताची सवय. चार पट्ट्या खाली पडल्या. उचलताना बोटाला कळलं, दाब त्यांच्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो आला. अंगठा चारी बाजूंनी फिरला. पुन्हा फिरला.

"दाब लागत नाय, दादा."

मी म्हणालो, जुना कागद आहे, ओल धरली की दाब सपाट होतो.

त्यानं अंगठा पँटीला पुसला, पुन्हा फिरवून बघितला. "मग अंगठाबी गेला म्हणायचा," असं म्हणाला आणि चित्र बायकोच्या हातात दिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी खिळे निवडायला लागलो.

पुढं बाजारात भेटली तेव्हा तिनं सांगितलं, पेटी उघडत नाहीत आता. सालवड काही लांब नाही. एकदा निघालोही, त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो. चुकलो हा शब्द मी बापापुढंही काढला नव्हता.

चार महिन्यांनी तो गेला. फोटो फ्रेमला माझ्याकडेच आला. तिनं तो टेबलावर ठेवला, त्यावर तळहात ठेवून उभी राहिली.

"आहे तेवढाच ठेवा. कापू नका."

त्याला तिनं सांगितलं होतं का, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही.

त्या चार पट्ट्या माझ्या खणात आहेत. फोटोवर काच बसवण्याआधी मी त्याच्या कडेनं अंगठा फिरवला. गुळगुळीत होती.