मंगळवारची बोट

बोट मी त्याआधी जवळून कधी पाहिली नव्हती. वर्ध्यात जन्मले, वर्ध्यातच शिकले, आणि पुढची तीस वर्षं आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात गेली. वडिलांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. हाताला ग्रीस लागायची सवय तिथली. इंजिन कसलंही असो, उघडलं की मला समजतं. पण ते ज्या वस्तूवर बसतं ती पाण्यावर तरंगायची असेल, तर तिचं काय पाहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला तेव्हा मी आधी हसलेच. त्याचं आर्वी रोडवर ट्रॅक्टरचं गॅरेज आहे.

"मॅडम, आमच्या वहिनीनं जुनी मोटरबोट घेतली. दुरुस्त कराच्या लायकीची हाय का नाई, हे सांगाले कोणी भेटून नाई राह्यलं. तुमी पाह्यता काय?"

"अरे, आपल्याकडे बोट कशाला घेतली त्यांनी?"

वावरात जायला, तो म्हणाला. त्याच्या चुलतभावाची निम्मी जमीन धरणात गेली होती. वरचा तीन एकराचा तुकडा राहिला, पण तो पाण्याच्या पलीकडे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या रस्त्यानं पायी जाता येतं. पावसाळ्यापासून थंडी संपेपर्यंत मात्र मधे फुगवट्याचं पाणी पसरलेलं असतं, आणि पुलावरून गेलं तर मोठा फेरा पडतो. इतकी वर्षं गावातला एकजण त्याच्या डोंग्यातून, म्हणजे लहान लाकडी होडीतून, नेऊन सोडायचा. तो आता मुलाकडे राहायला गेला. त्यातच कुठल्याशा तलावावरचं बोटिंग बंद पडलं, तिथली एक बोट विकायला निघाली, आणि वहिनींनी ती उचलली.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी कशालाही हो म्हटलं असतं.

आई गेल्यापासून वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या घरात मी एकटी होते. लग्न केलं नव्हतं, त्याचं फारसं दुःखही नव्हतं. नोकरी होती तोवर दिवस पोरांच्या गलक्यात जायचा. निवृत्तीनंतर कळलं की आपल्याशी बोलणारी माणसं सगळी कामाचीच होती. आजूबाजूला नवीन घरं, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, सकाळी नऊला कुलपं लागायची. मी दर चार दिवसांनी मेडिकलमध्ये बी.पी. मोजून घ्यायला जायचे. बी.पी. चांगलं असायचं. तिथली मुलगी दंडाला पट्टा गुंडाळताना माझा हात धरायची, म्हणून जायचे.

पहिल्यांदा गेले तो मंगळवार होता. एसटीतून फाट्यावर उतरले आणि पिशवीत पाने, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वीस मिनिटं चालत गाव गाठलं. वहिनी अंगणातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, काष्टा खोचल्यासारखं लुगडं वर घेतलेलं, हातात गुरांच्या कुटाराची टोपली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मले वाटलं मॅडम म्हंजे चष्मेवाल्या, पर्सवाल्या असतीन. तुमच्या हाती तर पाना हाय."

बोट गोठ्याशेजारी दोन ओंडक्यांवर ठेवलेली होती. पंधरा-सोळा फुटांची, फायबरची, एके काळी निळी. मागे बाहेरून अडकवायचं पेट्रोल इंजिन. इंजिनात कोळ्यांनी घरं केली होती, पण दोरी ओढली तेव्हा आतून चांगला दाब लागला. हे जिवंत आहे, मी मनात म्हटलं. मग ज्या मागच्या फळीवर इंजिन लटकतं ती पाहिली. वरून फायबर गुळगुळीत होतं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटली तर भद्द आवाज आला. एका बोल्टच्या भोकातून टोक आत घातलं, तर ते चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये जावं तसं आत गेलं आणि बाहेर काळं पाणी आलं. मी वाकून तळाशी हात घातला. तळाला बळकटी देणाऱ्या लाकडी पट्ट्याही तशाच, फायबरच्या आत कुजून लगदा झालेल्या. एकच फळी असती तर बदलता आली असती. इथे बोटीचा सगळा सांगाडाच आतून गेला होता. भरल्या पाण्यात, माणसं आणि तुरीची पोती घेऊन, वारा सुटला तर इंजिन फळीसकट उपटून खाली जाईल, हे समजायला बोटीतलं ज्ञान लागत नव्हतं. एक तासही झाला नव्हता. उत्तर माझ्याकडे होतं.

हात धुवायला गेले तर वहिनींनी स्वतः तांब्यानं पाणी घातलं. चुलीपाशी पाट टाकला. सून भाकरी थापत होती, वहिनींचे यजमान बाजेवर बसून विडी विझवत होते. ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि मिरचीचा ठेचा. सगळे एकाच वेळी बोलत होते. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या कापसाला ओल लागली. मला मधेच विचारत होते, जसं काही त्या म्हशीला मीही ओळखत होते.

"मंग मॅडम?" वहिनींनी विचारलं. "व्हते काय दुरुस्त?"

तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत मला वेळ मिळाला, आणि तेवढ्यात मी म्हटलं, "इंजिन उघडून पाहावं लागेल."

हे खोटं नव्हतं. पण त्यांनी इंजिनाबद्दल विचारलं नव्हतं.

"पाहा नं मंग सावकाश. पुढच्या मंगळवारी येजा. आमचा बाजार असते, भाजी ताजी भेटते."

कार्बोरेटर जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून मी घरी आणला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून काम केलं. जेट साफ केले, तरंगता गोळा तपासला. गुणगुणतही होते बहुतेक.

त्यानंतर मंगळवार ठरूनच गेला. पाच की सहा मंगळवार झाले असतील. एकदा प्लग आणि गॅस्केट घेऊन गेले, एकदा पाणी ओढणारा रबरी पंखा नागपूरहून मागवून बसवला. एकदा तर करायला काही नव्हतं; तरी उघडलेले नट पुन्हा उघडून, पुसून, बसवले. वहिनी शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या आणि बोलायच्या. माहेरचं, सासूचं, धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं त्या वर्षीचं. गावातली चिंच बुडाली ते त्या काठावर उभ्या राहून पाहत होत्या, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मीही कुणाला न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या. वर्गात पहिल्या दिवशी मुलांनी माझ्या खुर्चीवर ग्रीस लावलं होतं ते. आईच्या शेवटच्या महिन्यांतलं. परत येताना माझ्या पिशवीत अंबाडीची भाजी, कधी बोरं असायची. बुधवारपासून मी पुढच्या मंगळवारची वाट पाहू लागायचे, आणि सोमवारी रात्री स्वतःला सांगायचे की उद्या सांगून टाकू.

जानेवारीच्या सुरुवातीला इंजिन तयार झालं. लोखंडी ड्रममध्ये पाणी भरून, बाजूला जाड लाकडी घोडा ठोकून, त्यावर आम्ही ते अडकवलं. तिसऱ्या झटक्याला धरलं. निळा धूर, ड्रममधलं पाणी उसळून अंगणभर. कोंबड्या पळाल्या, गल्लीतली माणसं गोळा झाली. वहिनींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले, मग एकदम मला मिठी मारली. मी पूर्ण भिजले होते.

"चालली वं माय, बोट चालली!"

"इंजिन चाललं," मी म्हटलं. त्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. मीही पुन्हा म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी वहिनींचे यजमान मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एरवी ते फार बोलत नसत. अर्ध्या वाटेत म्हणाले, "बरं झालं. मी तर म्हनत व्हतो भंगारात देऊन टाक. मागच्या महिन्यात खालच्या गावचा एक जण त्याचा डोंगा विकून राह्यला व्हता. चांगला सागाचा. मी म्हटलं घेऊन टाकू. घरवाली म्हने, नाई, मॅडम करून राह्यल्या नं. मंग तो दुसऱ्यानं नेला."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तेच पुढे म्हणाले,

"आता पुढच्या मंगळवारी पाण्यात टाकू. तूर कापून पडली हाय तिकडं. सून येते, घरवाली येते, दोन बाया येतीन. एका खेपेत होऊन जाईन."

बस आली. खिडकीशी बसले. फोन करून सांगता आलं असतं. चार वेळा नंबर काढला. पण फोनवर सांगणं म्हणजे त्यांचं तोंड न पाहता सुटणं होतं, आणि तेवढी तरी लाज माझ्यात शिल्लक होती. मंगळवारपर्यंत थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं गेले.

बुधवारी मला दारात पाहून वहिनी चकित झाल्या. "काय झालं वं मॅडम? काही विसरल्या काय?"

"जरा बोटीपाशी या," मी म्हटलं.

मी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मागच्या फळीत घातला. मुठीपर्यंत गेला. मग तळाशी एका ठिकाणी, मग दुसऱ्या. बाहेर ओढला की काळा लगदा लागून येत होता. वहिनी बघत होत्या. त्यांनी बोटानं तो लगदा घेतला, चुरडला, वास घेतला.

"लाकूड सडलं."

"सगळं सडलंय. ही बोट पाण्यात टाकायची नाही, वहिनी. इंजिन चांगलं आहे, पण बोट दुरुस्त होण्यासारखी नाही."

"कवा समजलं तुमाले?"

काल समजलं असं म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

"पहिल्या दिवशी."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागानं नाही, जसं हिशेब न लागणारी गोष्ट पाहावी तसं. गोठ्यात म्हैस दावं ओढत होती.

"मंग काऊन नाई सांगतलं?"

उत्तर एकच होतं.

"मले यायचं व्हतं."

वहिनींनी लगदा लागलेलं बोट लुगड्याला पुसलं. "यायसाठी बोट कायले पाह्यजे व्हती?" त्या म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

त्यांनी मला उपाशी पाठवलं नाही. ताट वाढलं, भाजी दुसऱ्यांदा विचारली. पण सगळं घर गप्प होतं. निघताना मी चपला घालून क्षणभर थांबले. येजा, असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही.

तूर ट्रॅक्टरनं पुलावरून फेरा घालून आणावी लागली. दोन दिवस उशीर झाला, तेवढ्यात शेंगा फुटून बरीच तूर वावरातच सांडली. हे मला विद्यार्थ्याकडून कळलं. मी दोन महिने कुठे चांगली बोट मिळते का म्हणून फोन करत राहिले, ओळखीच्या प्रत्येक गॅरेजवाल्याला विचारलं. मिळाली नाही. शेवटी तो सागाचा डोंगा विकत घेतलेल्या माणसानंच इंजिन मागितलं. वहिनींनी ते त्याला दिलं, आणि ठरवलं की हंगामात तो त्यांना पलीकडे नेऊन सोडेल. डोंग्याच्या मागे फळी बसवताना माप कसं घ्यायचं, हे विचारायला त्या माणसाचा मला फोन आला. मी नीट समजावून सांगितलं. किती जाड फळी, कुठले बोल्ट, कुठे रबर. त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला. वहिनी जवळ होत्या का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

निळी बोट पालथी घालून तिच्याखाली आता कुटार ठेवतात. पावसाला चांगली आडोशाची झाली, असं विद्यार्थी म्हणाला.

मी पुन्हा गेले ती पोळ्यानंतर. पिशवी रिकामीच होती. पेढे घ्यावेत असं वाटलं, मग तेही घेतले नाहीत. वहिनींनी दारातून पाहिलं, "या मॅडम" म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून खुर्ची आणायला सांगितलं. कपबशीत चहा आला. आम्ही पावसाबद्दल बोललो. सुनेला दिवस गेलेत, हे त्यांनी सांगितलं. डोंगा बरा चालतो, असंही सांगितलं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "जाऊ द्या आता ते. चहा थंडा होते." चेहऱ्यावर काही नव्हतं. मी चहा प्यायले.

दोन-अडीच महिन्यांतून एकदा मी अजून जाते. कधी खुर्चीवर बसते, एकदा सून एकटी होती तेव्हा तिनं शेंगा सोलायला दिल्या, त्या सोलत बसले. वहिनी बोलतात, पण माहेरचं काही आता सांगत नाहीत. मी ते मागत नाही.

मागच्या खेपेला त्या वावरात होत्या. "सांजच्याले येते आई," सून म्हणाली. चारची बस होती, त्यानंतरची थेट सातला. मी काठापर्यंत जाऊन आले. पलीकडे तूर हिरवीगार उभी होती, माणसं दिसत नव्हती इतकं ते लांब आहे. थोडा वेळ थांबले, मग परत येऊन सुनेला म्हटलं, "येऊन गेले म्हणून सांगशील," आणि चारची बस धरली.