चौदा घरांचा लाल भात

"एक रात्र म्हणे! शेवंतीला तारीख वार कळत नाही. तिला अंधार कळतो," त्सुनेआजी म्हणाल्या आणि मुळ्याच्या लोणच्याचा तुकडा त्यांनी कचाकच चावला.

"एकच रात्र, आई. दहा ते दोन. चार तास," त्यांची सून नोरिए म्हणाली.

"दिवे लागतातच चार तास! म्हणजे सगळी रात्रच मागतेयस की."

"दुसऱ्या रात्री दोन तास जास्त लावू."

"आज जेवू नकोस, उद्या दोनदा जेव. चालेल?"

मी गावच्या सूचनांची घरोघर फिरणारी फाईल द्यायला या सासू-सुनेच्या घरी, हिकोसाकांकडे गेले होते. फाईल देऊन निघायचं असतं, पण भांडणाच्या मध्येच उठणं बरं दिसत नाही. म्हणून मी उंबऱ्यावर बसून राहिले.

नवं वर्ष लागून पाच दिवस झाले होते. हिकोसाकांची तीन पॉलीहाऊसं आहेत आणि तिन्हींत शेवंती. मार्चमध्ये सगळा देश एकाच आठवड्यात पितरांच्या थडग्यांवर पांढरी शेवंती वाहायला निघतो. त्या आठवड्यात फुलली तरच ती शेवंती, एरवी गुरांचा चारा. रात्र लांबली की शेवंती कळ्या धरते. तिने लवकर धरू नये म्हणून आम्ही अत्सुमीतले लोक जानेवारीच्या मध्यापर्यंत रोज रात्री दहा ते दोन दिवे लावून तिची रात्र मोडतो. नोरिएला येत्या गुरुवारी तीन नंबरच्या पॉलीहाऊसमधले दिवे बंद हवे होते. कारण, एक तारा.

नोरिए छप्पन्न वर्षांची आहे. चोविसाव्या वर्षी तोयोहाशीहून लग्न होऊन इथे आली, तेव्हा सासूने तिला पहिलं काम दिलं ते दिवे तपासायचं. एक दिवा गेला, तर त्याखालची सहा-सात रोपं आठवडाभर आधी कळ्या धरतात आणि बाजारातून अख्खी पेटी परत येते. बत्तीस वर्षं नोरिए रात्री दहाला बाहेर पडते. शंभरांतला एक दिवा विझलेला असला, तर दार उघडायच्या आधी बाहेरच्या प्लॅस्टिकवरच्या उजेडावरूनच तिला समजतं. या गुणाचं कोणी कधी कौतुक केलं नाही, कारण दिवे नेहमी चालूच असत.

आठ वर्षांपूर्वी तिने एका निवृत्त मास्तरांची जुनी दुर्बीण आणली. मास्तरांच्या बायकोने ती स्वतःच्या हाताने गाडीत चढवून दिली आणि वर पुस्तकंही दिली. नोरिएच्या नवऱ्याने, योशिहारूने, तीन नंबरच्या मागे काँक्रीटचा ओटा बांधला, कारण आमच्या वाऱ्यापासून तेवढीच जागा वाचलेली आहे. दिवे दोनला विझले की नोरिए ओट्यावर जायची. एक आणि दोन नंबर उताराखाली आहेत, गावाचे दिवे त्याहून लांब. त्यांचा उजेड चालून जातो. तीन नंबर मात्र दुर्बिणीपासून सहा पावलांवर.

तिचं काम असं. आकाशात फिरणारी एक दुर्बीण हजारो ताऱ्यांवर नजर ठेवून असते. एखाद्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा वायूचा गोळा गेला, की ताऱ्याचा उजेड शंभरांतला एक भाग कमी होतो आणि दोन-तीन तासांनी पूर्ववत होतो. ठरावीक दिवसांनी पुन्हा तसंच. पण त्या दुर्बिणीची नजर जाडीभरडी, तिला दोन शेजारी तारे एकच दिसतात. म्हणून विद्यापीठातले लोक नोरिएसारख्यांना यादी पाठवतात. उजेड नक्की कोणाचा कमी झाला ते खालून बघा आणि कळवा. नोरिएने आतापर्यंत सव्वीस तारे बघितले होते आणि एकातूनही ग्रह निघाला नव्हता. सत्ताविसाव्याबद्दल प्राध्यापकांनी स्वतःहून लिहिलं होतं, की यात आशा वाटते. तो गुरुवारी रात्री अकरा ते दीड मंदावणार होता. आमच्या रात्रीत पुन्हा सापडायला पुढचा हिवाळा.

"ग्रह आहे ना? मग पुढच्या वर्षीही असेल. पळून जातो का?" आजी म्हणाल्या.

"तो नाही जात. दुसरं कोणीतरी मोजून मोकळं होईल."

"होऊ दे. त्यांच्याकडे शेवंती नसेल."

योशिहारू दिवसातून साधारण दोनदा बोलतो. त्यातलं एक बोलणं त्याने इथे खर्च केलं. "एक नंबरचे काळे पडदे काढून तीनमध्ये लावले तर?"

उन्हाळ्यात उलटा उद्योग असतो. शेवंतीने कळ्या धराव्यात म्हणून पडदे ओढून भर दिवसा तिची रात्र करायची. आता तेच पडदे ओढले, तर दिवे आत जळत राहतील आणि उजेड बाहेर येणार नाही.

आजींनी मुलाकडे बघत वाटी खाली ठेवली. "हे आधी का नाही सुचलं तुला?"

"सुचलं होतं."

"मग?"

"काम फार आहे."

दोन दिवस लागले. पंच्याऐंशी वर्षांच्या आजी तोंडात चिमटे धरून शिडीखाली उभ्या राहिल्या आणि चिमट्यांच्या फटीतून हुकूम सोडत राहिल्या. बुधवारी दिवे लागल्यावर त्यांनी काठी टेकत तीन नंबरला स्वतः फेरी मारली आणि उजेडाच्या पाच फटी शोधून काढल्या. सुनेला तीनच सापडल्या होत्या. तेव्हापासून तो ग्रह त्यांचा झाला.

गुरुवारी आभाळ स्वच्छ होतं. शुक्रवारी सुनेला काही न विचारताच आजी चारला उठल्या, लाल चवळीसारखे ते अझुकीचे दाणे घालून त्यांनी मंगलकार्याचा लाल भात शिजवला आणि नऊच्या आत चौदा घरी पोचवला. आमच्याकडे आल्या तेव्हा गुपित सांगावं तसं हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे ग्रह सापडला."

"केवढा?"

"गुरूएवढा. सगळा वायूचा."

"अभिनंदन, आजी. आणि नोरिए कुठे आहे?"

"झोपलीय. रात्रभर बाळंतपणच चाललं होतं ना."

आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. संध्याकाळी मी त्यात घरची संत्री भरली आणि गेले. तिघं जेवत होती. मला बसवलं, सूप दिलं. नोरिएचे डोळे लाल होते, पण तिने केस नीट विंचरलेले होते.

"आई," ती म्हणाली, "तो ग्रह नाही."

"कोणता?"

"आपला."

तिने पुढे सांगितलं. ज्या ताऱ्यावर संशय होता तो रात्रभर दगडासारखा स्थिर होता. त्याच्या कुशीत पन्नासपट मंद असा एक तारा आहे, त्याचा उजेड निम्म्याने गेला. ते खरं तर दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड येतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मोठ्याचाच उजेड जरासा कमी झाला.

"म्हणजे दिवा गेला शेजाऱ्यांचा," आजी सावकाश म्हणाल्या, "आणि बोंब मारली आपण."

"हो."

"परत मोज."

"तीनदा मोजलं."

"लाल भात चौदा घरी गेलाय. लोकांनी खाल्लाय!" त्यांनी माझ्याकडे बघितलं. भात छान झाला होता, असं मी म्हणाले.

"ढग आले होते म्हणून कळव," आजी म्हणाल्या. "ढगांची कोण चौकशी करतंय?"

"काल ढग नव्हते," योशिहारू म्हणाला.

"तू जेव."

"ढग म्हणून कळवलं, तर ते लोक त्याच्यामागे मोठ्या दुर्बिणीच्या रात्री घालवतील," नोरिए म्हणाली. "मग कोणीतरी खरं मोजेल, आणि मला पुन्हा यादी येणार नाही. कोणी का पाठवावी?"

"नाही आली तर नाही. सत्तावीस तारे बघितलेस आणि सत्तावीस वेळा नाही म्हणालीस. नाही म्हणायला एवढ्या थंडीत बाहेर कशाला बसायचं? मी इथे शेकत बसून म्हणते की, नाही."

"रोज दहाला दिवे बघायला जाते मी. सगळे चालू असले की परत येते. कशाला गेली होतीस, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आजींनी एक संत्रं घेतलं आणि बराच वेळ सोललं. सालीचे सगळे तुकडे त्यांनी ताटलीत एकावर एक रचले.

"सहकारी संघाच्या पत्रकात छापायला सांगून आलेय मी," त्या शेवटी म्हणाल्या. "साहेबांनी तुझा फोटो मागितलाय. मी लग्नातला दिला."

"लग्नातला?"

"त्यात बरी दिसतेस." मग त्यांचा आवाज चढला. "ते काही नाही. उद्या पडदे काढा आणि एक नंबरला परत लावा. झाली तेवढी शोभा पुरे. फुसाए, तू कोणाला बोलू नकोस हं."

फुसाए म्हणजे मी. मी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे माझं मलाच ठरवता आलं नाही.

नोरिएने जेवणाच्या काड्या आडव्या ठेवल्या. उद्या कोणतं खत टाकायचं ते सांगावं, त्या आवाजात ती बोलली.

"ग्रह नाही म्हणून मी दुपारीच कळवलंय. उद्या नऊला निघून चौदाही घरी तेच सांगणार आहे, नंतर संघाच्या ऑफिसात. फुसाएताईंना आत्ताच कळलं, म्हणजे तेरा घरी. तेरा तारखेला दुसरा तारा आहे, साडेअकराला. पडदे तीन नंबरमध्येच राहतील. उन्हाळी शेवंती यंदापासून तिथेच लावायची."