समितीसमोरची चिठ्ठी

विमलताई रामटेके गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. "बरं," एवढंच म्हणालो आणि उरलेली दाढी उरकली. माणूस असा निबर होतो, दुसरं काय! माजी सैनिकांच्या कल्याणासाठी असलेल्या महामंडळात आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. त्या अर्थसंकल्प पाहायच्या, मी पत्रव्यवहार. कामठीहून बसनं यायच्या आणि आल्या आल्या म्हणायच्या, "काहून गा भोयर, हे टेबल आहे की भंगाराचं दुकान?"

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की आमदारांची समिती आमच्या महामंडळाचा खर्च तपासायची. महामंडळाचे संचालक असलेले आमचे साहेब पुढे, आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर, मांडीवर फायली. प्रश्न आला की साहेब मान न वळवता हात मागे करायचे, आम्ही चिठ्ठी द्यायची, साहेबांनी ती जशीच्या तशी वाचायची. वर्षानुवर्षं हेच. एका वर्षी साहेबांचा पगार भरमसाठ वाढला होता आणि तो वाढीव पैसा शहीद जवानांच्या मुलींच्या वसतिगृहाच्या तरतुदीतून काढला होता. तिकडे मुलींच्या ताटातली संध्याकाळची भाजी बंद झाली होती. साहेबांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, पगाराचं विचारलं तर 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं लिहून द्या.

प्रश्न आलाच. मी तशी चिठ्ठी लिहिली आणि ताईंकडे सरकवली, कारण साहेबांच्या बरोबर मागे त्या होत्या. त्यांनी ती वाचली. "माहिती तं फायलीत आहे ना गा," एवढंच कुजबुजल्या, माझी चिठ्ठी फाडली आणि आपली लिहून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी सवयीनं खड्या आवाजात वाचलं, "वाढीव वेतन मुलींच्या वसतिगृहाच्या तरतुदीतून देण्यात आलेलं..." आणि तिथंच थांबून पहिल्यांदाच मान मागे वळवली. समितीचे अध्यक्ष चष्मा काढून बघत राहिले. खरं सांगतो, मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता.

वसतिगृहाची तरतूद परत मिळाली. ताईंच्या मागे मात्र चौकशी लागली. साहेब म्हणाले, "बाईंनी आकसानं चिठ्ठी बदलली, मी कोणाला काही लपवायला सांगितलंच नव्हतं." मी त्यांचा हुकूम उघड केला असता तर ताई सुटल्या असत्या. चौकशीत मी सांगितलं, "मी फायलीत बघत होतो, मला काही माहीत नाही." ताईंची बढती रोखली गेली... ती मला मिळाली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "पेढे दे ना गा. लाजून काहून राहिला?" मी पेढे आणले. त्यांनी एक खाल्ला.

त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत हा विषय आमच्यात कधीच निघाला नाही. मीही काढला नाही, मला सोयीचंच होतं ते.

गेल्या रविवारी कामठीला शोकसभा झाली. ताईंच्या प्रामाणिकपणावर मी पाच मिनिटं बोललो. बोलतो मी चांगलं. सभा संपल्यावर एक बाई भेटायला आली. त्याच वसतिगृहात वाढलेली, आता नर्स आहे. "तुम्हीच भोयरकाका ना? विमलताई नेहमी सांगायच्या, 'चौकशीत भोयर माह्या बाजूनं खरं बोलला, म्हणून माही नोकरी वाचली.'" तिनं माझा हात हातात घेतला. आजूबाजूचे लोक कौतुकानं बघत होते.

तिला खरं न सांगताच मी हात जोडून निघालो. म्हणून इथं लिहितो: मी बोललो नव्हतो.