बाईजाच्या सुपातल्या सुपाऱ्या

वैशाखरे गावाजवळच्या वाडीवर प्रेमा आशाताईचं, म्हणजे घरोघरी आरोग्याची विचारपूस करायचं काम करते. चाळिशीला टेकलेली ही बाई मुरबाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते म्हटल्यावर लोक तोंड लपवून हसले. तिनं कोणाला भीक घातली नाही. उलट स्वतः प्रोग्राम लिहून वाडीला डोळ्यांच्या शिबिराच्या चिठ्ठ्या छापून दिल्या. त्रेचाळीस घरं, म्हणून त्रेचाळीस ओळी. मजकूर तोच, फक्त नाव वेगळं. क्लासच्या भूमिका मॅडमनी "यादी करा, लूप लावा, एकच ओळ सगळ्या नावांवर फिरेल" असं दोनदा समजावलं. हिनं मान डोलावली आणि पुन्हा कॉपी-पेस्ट सुरू केलं.

मग शिबिर मंगळवारचं गुरुवारवर गेलं. प्रेमानं एकेका ओळीत वार बदलून चिठ्ठ्या पुन्हा छापल्या, त्यात एक ओळ राहिली, नेमकी बाईजाची. मोतीबिंदूनं जेमतेम दिसणारी ती म्हातारी मंगळवारी धसईला शिबिराच्या जागी गेली आणि दिवसभर बंद दारापुढे बसून परत आली.

प्रेमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लास सोडायचाच, असं ठरवून ती संध्याकाळी माफी मागायला निघाली. पण बाईजा भावकीतल्या कोंडूच्या घरी लग्नाच्या मांडवात हळदीचं गाणं म्हणत होती.

पुढ्यात सूप. भावकीतल्या प्रत्येकाच्या नावाची एक सुपारी त्यात ओळीनं मांडलेली. कुठली कोणाची, ते तिच्या बोटांना पाठ. एक उचलायची, ते नाव गाण्यात घालायचं, सुपारी ताटात टाकायची. पुन्हा तेच गाणं, पुढचं नाव. सूप रिकामं होईपर्यंत.

मध्येच कोंडू ओरडला, "आमची गोजरआत्या रायली!"

"मंग ठेव तिची सुपारी सुपात," बाईजा म्हणाली आणि गात राहिली.

प्रेमा पुढे सरकून सुपाकडे बघत राहिली. गाणं संपल्यावर माफीआधी तिच्या तोंडून निघालं, "आये, गानं बदलाया नाय लागत?"

"गानं कशाला बदलू गो? नावं सुपात, गानं तोंडात."

बुधवारी क्लासमध्ये प्रेमानं सगळ्या ओळी पुसल्या. नावांची एक यादी केली, वार एकाच जागी लिहिला, खाली लूपच्या दोन ओळी. बटण दाबलं आणि अख्खी वाडी घरामागून घर पडद्यावर उतरत गेली. जन्मभर ऐकलेलं गाणं यंत्रालाही येत होतं!

बाईजाची चिठ्ठी तिनं स्वतः नेली.

"आता तरी माजं नाव हाय ना गो?"

"हाय, आये. यादीत पयली सुपारी तुजी."