वजा तीस, उजवीकडे

अकरावीत मी गणित घेतलं ते एकाच कारणासाठी. मला घोकायचा मनस्वी कंटाळा. बायोलॉजीत बेडकाच्या शिरा पाठ कराव्या लागतात, गणितात कारण कळलं की झालं, अशी माझी पक्की समजूत. अलीगंजच्या क्वार्टरपासून निशातगंजच्या हिंदी शाळेपर्यंत सायकल हाणताना मी ती ताठ मानेने मिरवायचे. मग साइनचे आलेख आले आणि माझी बोलती बंद झाली.

सरांनी फळ्यावर साइनची लाट काढली आणि विचारलं, x च्या जागी x वजा तीस केलं तर लाट कुठे सरकेल? मी हात वर करून सांगितलं, "लेफ़्ट, सर. माइनस है."

"राइट," सर म्हणाले.

"पर क्यों, सर?"

"उल्टा चलता है, बेटा. रट लो."

रट लो! म्हणजे इथेही बेडूकच. मला खरोखर रडू आलं. वर सरांनी जाहीर केलं की सोमवारी पहिल्या तासाला टेस्ट, जो फेल होईल तो बायोच्या वर्गात.

माझे वडील रेल्वेत इंजिनियर. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते मला शिकवायला बसायचे. "हे बघ, x तीस घेतलं की आतला आकडा शून्य. म्हणजे लाट तीसवर सुरू झाली. गेली ना उजवीकडे?"

"दिख तो रहा है, बाबा. पर घटाया तो आगे कैसे गई?"

बाबा परत तीस घालायचे, परत शून्य यायचं. मला दिसायचं, पण पटायचं नाही. रविवारी ते कातावलेच. "अगं, उत्तर आलं ना? मग आणखी काय क्यों क्यों लावलंयस?" मी पाय आपटत आतल्या खोलीत गेले. बाहेर बाबांचा आवाज ऐकू आला, "या घरात एक गोष्ट सरळ नाही!" मग स्टूल सरकवल्याचा आवाज. मी उशीत तोंड खुपसून घेतलं.

सोमवारी सकाळी मी रोजच्यासारखंच हॉलमधल्या घड्याळाकडे बघत आवरलं, रोजच्याच वेळी निघाले. शाळेशी पोचले तर फाटक बंद. चौकीदार म्हणाला, "घंटी तो कब की बज गई, बिटिया." मला काही उमगेना. सायकल पंक्चर नव्हती, वाटेत थांबले नव्हते. मग स्टूल आठवलं.

आमचं घड्याळ आईने कायम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं असायचं, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. रेल्वेच्या माणसाला ते खोटं घड्याळ डोळ्यांत खुपायचं. रागाच्या भरात बाबांनी ते बरोबर लावून टाकलं होतं आणि सांगायचं विसरले होते.

चौकीदाराने कसंबसं आत सोडलं. धापा टाकत बाकावर बसले तेव्हा सगळ्यांच्या माना पेपरात होत्या. पहिलाच प्रश्न वजा तीसचा. मी तो वाचला आणि पेन हातात तसंच राहिलं. बाबांनी घड्याळातून दहा वजा केली होती. आंघोळ, डबा, सायकल, मी सगळं नेहमीच्याच आकड्यांवर केलं होतं, आणि माझी अख्खी सकाळ दहा मिनिटं पुढे सरकली होती. वजा केल्यामुळेच! ते मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. मी आनंदाने लाट उजवीकडे काढली आणि पुढच्या 2x पाशी पुन्हा ठार गोंधळले. ती लाट रुंद व्हायची सोडून का आवळते, ते काही केल्या कळेना.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले ते दारातच उभे राहिले. आईने त्यांना फोनवर झापलं होतं. चेहरा पार उतरलेला. "माझ्यामुळे तुझी टेस्ट गेली," ते म्हणाले. मुलीला आपणच बायोत धाडलं, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मला त्यांची इतकी दया आली की मी एका दमात घड्याळापासून 2x पर्यंत सगळं सांगून टाकलं. ते घड्याळाकडे बघत राहिले.

"मग रोज मी तेच तर सांगत होतो."

"नाही, बाबा. तुम्ही उत्तर सांगत होतात."

मी काठावर पास झाले, गणितातच राहिले. आईने घड्याळ पुन्हा पुढे केलं. बाबांनी तिच्यासाठी स्टूल धरलं. त्या रात्री जेवताना मध्येच घास थांबवून त्यांनी मला विचारलं, "पण मग 2x ला लाट का आवळते गं?"