दादरीच्या शेतातला टेप

नव्वदीच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या एका कार्यालयात संगणक विभागात ऑपरेटर होते. पगाराची आणि पेन्शनची कामं चालायची. खोलीभर पसरलेलं जुनं मशीन, आणि शेजारच्या खोलीत रॅकवर उभे लावलेले टेप, ताटलीएवढ्या चकत्यांवर गुंडाळलेले. अख्ख्या कार्यालयात एसी तेवढ्या दोन खोल्यांना. उन्हाळ्यात कुणालाही अचानक आमची आठवण यायची.

टेपची खोली नानांकडे होती. शिरपूरजवळच्या खेड्यातले, निवृत्तीला आलेले, पांढरा सदरा घालणारे. मी चाळीसगावहून नवी आले तेव्हा त्यांनीच मला टेप कसा धरायचा ते शिकवलं. "कडेला हात लाव, पोटाला नाही," म्हणायचे.

मग नवं मशीन आलं. त्याला वहीएवढ्या कॅसेट लागायच्या. जुन्या टेपांवरचं सगळं त्यांवर उतरवायचं, मग टेप पुसायचे आणि खोली रिकामी करायची, असा हुकूम निघाला.

उतरवण्यात पावसाळा गेला. जुने टेप अडायचे. वाचता वाचता तपकिरी भुकटी सांडायची, आणि आम्ही स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने मशीन पुसून पुन्हा लावायचो. नाना शेजारी उभे राहून टेपशी बोलायचे, "चल बाबा, एवढं एकदा दे."

पुसायला चुंबकाची एक पेटी आणली होती. पहिला टेप मी हातात घेतला, तसे नाना चहाला निघून गेले. परत आल्यावर दारातूनच त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं, नाना."

"आवाज केला का काही?"

"नाही हो. नुसती पेटी घुमली."

ते हसले, पण त्या दिवशी जेवणाचा डबा त्यांनी अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून मात्र स्वतः टेप काढून माझ्या हातात देऊ लागले.

भंगारवाला आला. त्याला चकत्या हव्या होत्या, आतली पट्टी नको. पट्टीचे ढीग पोत्यांत भरून मागच्या आवारात पडले. साहेब म्हणाले, जाळून टाका. तेव्हा नानांनी विचारलं, "साहेब, मी नेऊ? शेतात दादर ज्वारी दाण्यावर आलीय, पाखरं ठेवत नाहीत काही. वर बांधीन."

साहेब चपापले. "अहो नाना, लोकांचे पगार होते त्यावर!"

"पुसलेत, साहेब. आणि नसते पुसले तरी पाखरं काय वाचणार होती?"

साहेबांना हसू आवरेना. पोती नानांना मिळाली.

जानेवारीत नानांनी आम्हा सगळ्यांना शेतावर भरीत खायला बोलावलं. बांधावरूनच दिसलं, डोक्याएवढ्या उंच दादरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप ताणलेला, उन्हात लखलखणारा. वारा आला की तो फरफरायचा, आणि चिमण्यांचा थवा शेतावर येऊन तसाच पुढे निघून जायचा. नाना बांधावर उभे राहून आम्हाला ओळी दाखवत होते. अमका टेप कुठल्या खात्याचा होता, हे त्यांना तिथेही सांगायचंच होतं.

नानांच्या पत्नी अक्कांनी कपाशीच्या वाळल्या काट्यांवर वांगी भाजली होती. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आम्ही संकोचून थांबलो, की त्या पुन्हा वाढायच्या आणि सगळं संपवायला लावायच्या. "बठ्ठं खाई ल्या, काही ठेवानं नही!"

पंधरवड्याने नाना कार्यालयात आले ते मान हलवतच. मी विचारलं, "पाखरं येतात का हो?"

"येतात? आता त्या टेपवरच बसतात. तुझी अक्का पुन्हा गोफण घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढली."

"मग टेप काढला असेल?"

"कशाला?" नाना म्हणाले. "बसेनात का. त्यांनाही कुठेतरी टेकायला हवंच ना."