दोर धरणाऱ्याचा वाटा

"लोक पोरगी विहिरीत ढकलतात, तू तर सगळा समुद्रच शोधलास," होडीत बसताना बाबा म्हणाले.

आमचं मूळ गाव जालन्याकडचं. बाबा कारखान्यात लागले म्हणून आम्ही बोईसरजवळ सालवडला आलो. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटत नाही. मुलगाही मीच पसंत केला. पालघरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता. आता तारापूरला एका लॅबमध्ये आहे, सुट्टी मिळाली की दातिवऱ्यासमोरच्या आपल्या बेटावर जातो. बाबांनी अजून हो म्हटलं नव्हतं. "घर बघतो, मग बोलतो," एवढंच. आईला होडी झेपत नाही, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

बेटाला धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं. बाबा इस्त्रीची पँट वर धरून चालत राहिले. वर माडांखाली घरं, घरांपुढे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. बाबांनी नाकाला रुमाल लावला, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

मुलगा सुट्टी काढून घरीच होता. त्याच्या आईने चहा दिला. बाबांची चौकशी सुरू झाली.

"दवाखाना?"

"पलीकडं."

"बाजार?"

"पलीकडंच."

"अन् रात्री काही झालं तर?"

"होडी हाय ना."

बाबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. कुणाची तरी होडी मासे घेऊन आली होती आणि ती वाळूवर ओढून घ्यायची होती. मुलगा उठला. त्याची आईसुद्धा पदर खोचून निघाली. "बसा तुमी, आमी आलोच."

दुसरे राबत असताना बाबांना बसवत नाही. तेही गेले, दोराच्या शेवटी उभे राहिले आणि चिखलात रुतलेली बैलगाडी काढावी तसे टाचा रोवून ओढायला लागले. एकटेच. बाकी सगळे हात सैल सोडून पाण्याकडे बघत होते.

"अवो पावणं, लाट येऊ द्या," मुलाची आई म्हणाली. "ती होडी उचलंल, मंग आपुन वढायची. आता काय समुद्र वर काढताय?"

सगळे हसले. बाबाही हसले. लाट आली, सगळ्यांबरोबर बाबांनी ओढलं. पुढच्या लाटेला तर त्यांनीच आधी आवाज दिला.

होडी वर आली. वाळूवर माशांचे वाटे पडले. एक बाबांच्या पुढ्यात.

"मला कशाला? मी पाहुणा."

"पावण्याला नाय दिला," मुलाची आई म्हणाली. "दोर धरला त्याला दिला. हितं असंच हाय. सून आली नि तिनं दोर धरला, की तिचा पन वाटा पडंल."

बाबा वाट्याकडे बघत उभे राहिले. पँट मांडीपर्यंत भिजली होती. मग एकदम म्हणाले, "आमच्याकडं लग्नात बुंदी असते. तुमच्याकडं माशांशिवाय चालंल का?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या आईने मात्र नीट विचार केला.

"लग्नाला चालवून घेऊ," ती म्हणाली. "हळदीला नाय."

"मग हळदीचं तुम्ही बघा," बाबा म्हणाले.

मी पटकन पिशवी मागून घेतली आणि त्यांचा वाटा भरायला बसले.